महाबळेश्वर ते म्हसवड : लाकडी रोलर कोस्टरसाठी जागा आणि लाकूड बघताना

दिवस पहिला : महाबळेश्वर

लाकडी रोलर कोस्टरसाठी जागा शोधायची तर आधी पाऊस बघावा, गर्दीचा हिशेब नंतर. त्या दृष्टीने सातारा जिल्ह्यासारखी शाळा नाही. पश्चिम टोकाला महाबळेश्वर, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वेला माणदेशात म्हसवडच्या बाजूला पाचशेच्या आसपास, तोही आला तर. मधलं अंतर रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपासचं. एकच फळी या रस्त्याने नेली तर तिची जाडी बदलते आणि तिच्यातला बोल्ट सैल होतो. म्हणून ही फेरी डिसेंबरअखेरीला, डोंगराकडून माणदेशाकडे अशी आखली; वाटेत पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत लाकडी मौत का कुवा उभा असतो, तोही बघायचा होता.

आधी या ट्रॅकची रचना समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लाकडी कोस्टरचा प्रत्येक रूळ म्हणजे आडव्या ठेवलेल्या फळ्यांची थप्पी. साधारण ३८ मिलिमीटर जाडीच्या फळ्या, सहसा सात-आठ थर, एकमेकांवर खिळ्यांनी ठोकून मग आरपार बोल्टने आवळलेल्या. वरचे दोन थर खालच्यांपेक्षा रुंद असतात आणि आतल्या बाजूला पुढे आलेले असतात. सगळ्यात वर पोलादी पट्टी, तिच्यावर डब्याचं मुख्य चाक. पुढे आलेल्या थरांच्या कडेला दुसरी पट्टी, तिला घासून बाजूचं चाक चालतं. त्यांच्या पोटाला तिसरी, तिच्याखालून तिसरं चाक. डबा टेकडीच्या माथ्यावर वर उचलला जातो तेव्हा त्याला धरून ठेवतं ते हे खालचं चाक. अमेरिकी कोस्टर-रचनाकार जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि तिथून खऱ्या अर्थाने उंच, तीव्र उताराचे कोस्टर शक्य झाले. त्याआधीचे, म्हणजे १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला लामार्कस थॉम्पसन यांनी सुरू केलेल्या स्विचबॅकच्या घराण्यातले, गाडी जागेवर राहावी म्हणून सौम्यच ठेवावे लागत.

आता महाबळेश्वर. इथे जुन्या बंगल्यांच्या भिंतींना पावसाळ्याआधी गवताची आवरणं बांधायची पद्धत होती, त्यामागचं कारण कोस्टरवाल्याने नीट लक्षात घ्यावं. पाऊस वरून पडतो त्याने फारसं बिघडत नाही. वाऱ्याबरोबर आडवा येतो तो सांध्यात शिरतो. थप्पीच्या दोन थरांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट असली तरी पाणी तिच्यात ओढलं जातं आणि महिनोन्‌महिने बाहेर येत नाही. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला दार उघडलं. इथे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तो खाली यायची शक्यताच कमी. ज्या लाकडी कठड्यांना, फाटकांना आणि बाकांना आज टोचा मारून पाहिला, ती सगळी एकाच क्रमाने कुजलेली दिसली : आधी फळीचं कापलेलं टोक, मग बोल्टच्या भोकाभोवतालचा भाग, मग दोन लाकडं एकमेकांना चिकटतात ती आतली बाजू. मधला उघडा भाग बहुतेक ठिकाणी धडधाकट. रंगाचा जाड थर दिलेल्या ठिकाणी तर आत लाकडाचा भुगा आणि बाहेर सुरेख रंग, अशी अवस्था होती. जाड रंग पाणी आत जाऊ देतोच, फक्त बाहेर पडू देत नाही.

धुकं हा दुसरा मुद्दा. ओल्या पट्टीवर घर्षण कमी होतं, गाडी जोरात पळते आणि त्याच वेळी घासून थांबवणाऱ्या ब्रेकची पकड उतरते. चुंबकी ब्रेकला ओलाव्याने फरक पडत नाही, पण तो गाडीचा वेग कमी करतो, तिला जागेवर धरून ठेवत नाही; गाडी शून्यावर आणायला शेवटी पकडीचा ब्रेक किंवा चाकांची मोटार लागतेच. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर पर्यटक आहेत, जांभ्याचा पाया बरा आहे, तरीही इथे उघडा लाकडी ट्रॅक उभारू नये, असं आमचं स्पष्ट मत झालं.

दिवस दुसरा : मेणवली, बावधन

घाट उतरून वाईला आलं की पाऊस एकदम कमी होतो. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा कृष्णेच्या काठावर अठराव्या शतकापासून उभा आहे. लोक बघतात ती चित्रं आणि घाटावरची घंटा. लाकूडकामाच्या माणसाने खाली वाकून खांबाचा पाय बघावा. खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर बसवलेला असतो. लाकडाचं कापलेलं टोक नळ्यांच्या जुडीसारखं पाणी वर ओढतं. ते ओल्या जमिनीपासून तोडलं की खांबाचं आयुष्य पिढ्यांनी वाढतं.

कोस्टरच्या चौकटीचा पाय असाच हवा. चौकट म्हणजे दोन किंवा जास्त उभे खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि तिरके ताण. अशा चौकटी साधारण तीन-तीन मीटरवर रांगेने उभ्या असतात आणि त्यांच्या माथ्यावरच्या आडव्या तुळईवर ट्रॅक बसतो. जवळपास किलोमीटरभराचा ट्रॅक घेतला तर काही शे चौकटी होतात. प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा ठोकळा, वरचा भाग चहूबाजूंनी उतरता, त्यात गॅल्व्हनाइज केलेला पोलादी कंस, आणि खांबाचं टोक काँक्रीटपासून दोन ते पाच सेंटिमीटर वर. काँक्रीटमध्ये खळगा ठेवून त्यात खांब उभा करायचा मोह पुष्कळांना होतो, कारण ओळंबा धरायला सोपं जातं. पण त्या खळग्यात पाणी साचतं आणि खांब आतून कुजत जातो. बाहेरून तपासणाऱ्याला शेवटपर्यंत काही दिसत नाही.

संध्याकाळी बावधन. रंगपंचमीला इथे भैरवनाथाचं बगाड निघतं : दगडी चाकांचा गाडा, त्यावर उंच शीड, शीडाला टांगलेला बगाड्या, म्हणजे नवसाचा माणूस, ओढायला बैलांच्या जोड्या. या दिवसांत ते बघायला मिळत नाही, पण त्याचा विचार केल्याशिवाय पुढे जाता आलं नाही. उंचावर माणसाचं वजन, खाली खडबडीत शेतवाट, म्हणजे गाडा सतत डाव्या-उजव्या अंगाला पिळला जाणार. तो तोलून धरायला खाली जड दगडी चाकं आहेत. लाकडी यंत्र थोडं हलणारच, ते हलणं आधी धरून चालायचं, ही समज या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहे. कोस्टरच्या चौकटीही गाडी जाताना डोळ्यांना दिसेल इतक्या डोलतात. प्रेक्षकांना भीती वाटते. डिझाइन करणाऱ्याने ते डोलणं मोजून ठेवलेलं असतं. काळजी करायची ती डोलण्यात फरक पडला तर. काल पाच मिलिमीटर हलणारी चौकट आज बारा हलली, तर कुठेतरी बोल्ट सुटलाय किंवा लाकूड चिरलंय.

दिवस तिसरा : चाळकेवाडी, पाटण

साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर. पवनचक्क्यांची रांग जिथे उभी आहे तिथे लाकडी मनोऱ्याचं काय होईल, एवढंच बघायचं होतं. बांधकामावरचा वाऱ्याचा भार ठरवणाऱ्या भारतीय मानक ८७५, भाग ३ प्रमाणे पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरतात. दाब काढायचा तर ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन. डोंगराच्या कड्यावर भूरचनेचा गुणक १.३६ पर्यंत जातो आणि तो वेगावर लागतो, म्हणून दाब जवळजवळ १.८५ पट होतो. जाळीसारख्या चौकटीतून वारा निघून जातो असं वाटतं, पण मागच्या प्रत्येक चौकटीची प्रत्येक पट्टी तो पुन्हा अडवते.

वाऱ्याचा आणखी एक त्रास कमी लोकांना माहीत असतो. रिकामी गाडी, सकाळची थंडी, घट्ट झालेलं ग्रीस आणि समोरून वारा, हे चार एकत्र आले की गाडी पुढची टेकडी चढत नाही, मागे येते आणि दोन टेकड्यांमधल्या खोलगट भागात अडकते. तिथून ती काढायची म्हणजे माणसं बसलेली असतील तर ती उतरवून दोरखंड आणि विंच. म्हणून सकाळची पहिली फेरी रिकामी, आणि तिची वेळ सेकंदात नोंदवायची. दुपारी ग्रीस पातळ होतं तेव्हा तीच गाडी कितीतरी चपळ असते.

खाली पाटणला उतरलो. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला. धरणावरच्या यंत्राने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट आडवं त्वरण नोंदवलं होतं. इथे कोस्टर नको, अशी पहिली प्रतिक्रिया येते. ती पूर्ण बरोबर नाही. भूकंपाचा जोर वस्तूच्या वजनाच्या प्रमाणात असतो आणि लाकडी चौकट उंचीच्या मानाने हलकी असते. खिळे-बोल्टचे सांधे थोडे वाकून ऊर्जा खातात. बहुतेक लाकडी कोस्टरचं डिझाइन वाऱ्याने आणि गाडीच्या बाजूच्या रेट्याने ठरतं. भूकंपात खरी चिंता असते ती मोटार-गिअरबॉक्सच्या जड बैठकीची, आणि चढावर साखळीने ओढली जात असलेल्या भरल्या गाडीची. त्या गाडीच्या पोटाखालचा खटका दात्यांवर टकटक वाजत चढतो. साखळी तुटली किंवा वीज गेली तर तोच तिला मागे येऊ देत नाही. तो आवाज ऐकून लोकांना रोमांच येतो, देखभाल करणाऱ्याला प्रत्येक दाता शाबूत असल्याची खूण पटते.

दिवस चौथा : कऱ्हाड

आजचा दिवस वखारींचा. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा होता.

कऱ्हाडच्या वखारीत साग, साल, बाभूळ, कडुनिंब, नीलगिरी, आंबा आणि परदेशातून आलेलं पाइन असं सगळं एका आवारात दिसतं. अमेरिकेतले कोस्टर बहुधा सदर्न यलो पाइन किंवा डग्लस फरचे असतात. ही लाकडं सागापेक्षा कमी टिकाऊ. मग तीच का? सरळ रेषेत लांब फळ्या मिळतात, ताकदीप्रमाणे प्रतवारी करून मिळतात, खिळा घेतात, आणि मुख्य म्हणजे पाइनच्या बाहेरच्या लाकडात औषध आतपर्यंत जातं. सागाचा गाभा कीड-बुरशीला दाद देत नाही, पण औषधही आत घेत नाही आणि घनफुटाचा भाव विचारल्यावर हिशेब तिथेच थांबतो.

प्रमाण किती लागतं ते बघू. ट्रॅक ९०० मीटर, दोन रूळ, आठ थर, सरासरी रुंदी २४० मिलिमीटर धरली तर मीटरमागे सुमारे ०.१४६ घनमीटर, एकूण १३१ घनमीटर, म्हणजे ४,६०० घनफुटांच्या वर. हा फक्त ट्रॅक. चौकटींचं लाकूड याच्या कितीतरी पट. एवढं लाकूड एका प्रतीचं मिळणं हाच सगळ्यात अवघड भाग असतो, म्हणून खरेदीआधी वखारीतच तपासणी करावी लागते.

ओलावा मोजायच्या यंत्राच्या सुया फळीच्या जाडीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शापर्यंत आत घालाव्यात. पृष्ठभागावर टेकवून घेतलेला आकडा सकाळच्या दवाचा असतो. टोकापासून हातभर आत मोजावं, कारण टोकं नेहमी आधी वाळतात. एका वखारीत पाइनच्या थप्पीत वरची फळी १३ टक्के आणि मधली २४ टक्के निघाली. वखारमालकांना ते दाखवल्यावर ते म्हणाले, “साहेब, मधल्या फळ्यांत पट्ट्या घालून हवा खेळती ठेवली तर महिनाभरात खाली येईल, पण जागा कुणाकडं आहे?” हे अगदी खरं आहे, आणि म्हणून ही जागा बांधकामाच्या आवारात आधीपासून धरावी लागते. छपराखाली, जमिनीपासून फूटभर उंच, प्रत्येक थरामध्ये एका रेषेत पट्ट्या.

मग तंतू. फळीच्या लांबीशी तंतूंचा तिरकेपणा पंधरात एकाहून जास्त असेल तर ती ट्रॅकसाठी बाजूला काढावी. मोठी गाठ फळीच्या कडेला असेल तर तीही. झाडाचा मध्यबिंदू ज्या तुकड्यात आहे तो खांबासाठी घेऊ नये. वाळताना त्यातूनच चीर पडते. आणि सगळ्यात वरच्या थराची फळी गाभ्याची बाजू वर करून ठोकावी. फळी वाळते तेव्हा सालीकडची बाजू खोलगट होते. ती वर असली तर पोलादी पट्टीखाली पन्हळ तयार होऊन पाणी थांबतं. एक फळी उलटी ठोकायला सेकंदही लागत नाही आणि तिची किंमत चौथ्या-पाचव्या वर्षी मोजावी लागते.

औषधाबद्दल सांगायलाच हवं असं काही : अमेरिकेतल्या कोस्टरचं लाकूड कित्येक दशकं ज्या तांबं-क्रोमियम-आर्सेनिकच्या मिश्रणाने टिकवलं गेलं, ते मिश्रण १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी तयार केलं. त्याची पद्धत अशी : लाकूड टाकीत बंद करून आतली हवा ओढून घ्यायची, द्रावण सोडायचं, दाब द्यायचा, मग पुन्हा हवा ओढून जादा द्रावण काढायचं आणि औषध लाकडात बसेपर्यंत सावलीत ठेवायचं. आर्सेनिकमुळे आता लोकांच्या हाताला लागणाऱ्या ठिकाणी, म्हणजे कठडे आणि रांगेचे बाक, दुसरी तांबेयुक्त औषधं वापरतात. ती साध्या पोलादाला लवकर खातात, त्यामुळे खिळे-बोल्ट जाड गॅल्व्हनाइजचे किंवा स्टेनलेसचेच हवेत. शिवाय कापणं आणि भोकं पाडणं औषधाआधी उरकावं. नंतर करवत लावली की आतला कोरा भाग उघडा पडतो, आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. जागेवर कापावंच लागलं तर त्या टोकाला ब्रशने औषध दोनदा द्यावं.

वळणाच्या ट्रॅकचा प्रश्न वखारीतल्या सुतारमिस्त्रींनीच काढला : आडवी फळी वर-खाली सहज वाकते, पण डावी-उजवीकडे कशी वाकवायची? मोठ्या वळणात ती ओढून बसवतात, आणि मग ती वर्षानुवर्षं सरळ व्हायला बघते, खिळे ढिले करते. अरुंद वळणात फळ्या वळणाच्या आकारात कापूनच घ्याव्या लागतात. ग्रॅव्हिटी ग्रुप या अमेरिकी कंपनीने प्रत्येक थराची प्रत्येक फळी संगणकावर आकार काढून आधीच कापायची पद्धत आणली. इंटामिन या कोस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या कोस्टरमध्ये, उदाहरणार्थ स्वीडनमधल्या बाल्डरमध्ये, थर कारखान्यात चिकटवून, यंत्रावर तासून आख्खे तुकडे आणतात आणि जागेवर जोडतात. गाडी लोण्यासारखी जाते, पण दुरुस्तीला गावातला सुतार उपयोगी पडत नाही. याच पद्धतीचा जर्मनीतला कोलोसोस हा कोस्टर २००१ चा. २०१६ मध्ये बंद झाला आणि ट्रॅक बदलून २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला. साताऱ्याच्या भागात उभारायचा तर फळ्यांच्या थरांचा, इथल्याच मिस्त्रींना उघडता-जोडता येईल असाच असावा.

कऱ्हाडच्या परिसरातली जमीन मात्र जपून घ्यावी. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. दोन शेजारच्या चौकटींचे पाये वेगवेगळे उचलले गेले तर ट्रॅकमध्ये लाट तयार होते. इथे पाया घ्यायचाच तर खाली फुगीर कंद असलेले खांब, साडेतीन-चार मीटर खोल, जिथे ऋतूप्रमाणे ओलावा बदलत नाही तिथपर्यंत. कंदाचा व्यास दांड्याच्या अडीच पट. खर्च भरपूर वाढतो. मुरूम किंवा काळा पाषाण वर असलेली जागा मिळत असेल तर ती घ्यावी.

दिवस पाचवा : पुसेगाव

औंधवरून पुसेगाव. यात्रेच्या मैदानात आकाशपाळणे आता सगळे लोखंडी. पण मौत का कुवा लाकडाचा, आणि लाकूड गाडीचं चाक कसं पेलतं हे शिकायला आपल्याकडे याहून चांगली जागा नाही. उभ्या फळ्यांचे तुकडे कडेकडेने लावून गोल उभा करतात, बाहेरून लोखंडी दोर वळसे देऊन ताणतात. गाडी भिंतीवर चढली की ती फळ्यांना बाहेर ढकलते आणि तो सगळा रेटा दोर घेतो.

हिशेब सोपा आहे. गाडीच्या मार्गाची त्रिज्या साडेचार मीटर, टायर आणि लाकडामधलं घर्षण ०.६ धरलं, तर खाली न घसरण्यासाठी सेकंदाला किमान ८.६ मीटर, म्हणजे ताशी ३१ किलोमीटर वेग हवा. त्या वेगाला भिंतीवर गाडीच्या वजनाच्या १.६७ पट रेटा पडतो. प्रत्यक्षात वेग जास्त ठेवतात, रेटा वर्गाने वाढतो. तेच गणित कोस्टरच्या दरीत : ३० मीटर उतारानंतर वेग सुमारे २४ मीटर प्रति सेकंद, दरीची त्रिज्या २५ मीटर, तर बसलेल्या माणसाला आपल्या वजनाच्या साधारण ३.३ पट दाब जाणवतो. सहा टनांची, चोवीस मुख्य चाकांची गाडी असेल तर एका चाकाखाली उभ्यावेळी अडीचशे किलो आणि त्या दरीत आठशे किलोंच्या वर. पट्टीखाली तो भार नीट पसरला तर लाकडाला काहीच नाही. बोल्ट सैल होऊन थरांत फट पडली की पट्टी त्या जागी लवते, फळीच्या तंतूंवर हातोडा बसावा तसा मार बसतो, फट आणखी वाढते. ट्रॅकमधले खळगे असेच तयार होतात.

कुव्याचे मिस्त्री सकाळी खेळाआधी भिंतीला बाहेरून फेरी मारत लाकडी हातोडीने फळ्या वाजवत होते. घट्ट फळी टणक वाजते, सुटलेली किंवा आतून कुजलेली बोदी. “दवानं दोर ढिला पडतो का फळी फुगते, रोज येगळं असतंय,” असं ते म्हणाले, आणि दोराचे शिकंजे दुपारी पुन्हा एकदा बघतात हेही सांगितलं. कोस्टरवर रोज सकाळी हेच काम ट्रॅकवरून चालत करतात. डोकं वर आलेले खिळे, बोल्टभोवतीची गंजाची रेघ, पट्टीवर एकाच बाजूला आलेली चकाकी, तुळईखाली पडलेला लाकडाचा भुगा, बाजूच्या चाकाच्या पट्टीवरचं ग्रीस. पट्टीवर नेहमीपेक्षा रुंद चकाकी दिसली तर दोन रुळांमधलं अंतर बदललंय. गंजाची रेघ दिसली तर बोल्ट हलतोय.

ही फेरी चुकवली तर काय होतं याचं उदाहरण मोठं आहे. ९ जुलै २००६ ला ओहायोतल्या किंग्ज आयलंडमध्ये सन ऑफ बीस्ट या लाकडी कोस्टरच्या आधाराचं लाकूड चिरलं, ट्रॅकमध्ये खळगा तयार झाला आणि त्यावरून गाडी गेली तेव्हा २७ जण जखमी झाले. गाडी रुळावरून उतरली नव्हती. एका धक्क्याने एवढं झालं.

दिवस सहावा : दहिवडी, म्हसवड

माणदेशात आल्यावर लाकूडवाल्याला बरं वाटतं. हवा कोरडी, मुरूम वरच, वाळवी आहे पण पाय जमिनीपासून तोडल्यावर ती आटोक्यात राहते. इथली अडचण वेगळी. ऑगस्टमध्ये लाकडात १७-१८ टक्के ओलावा असेल तर एप्रिलच्या उन्हात तो ७-८ वर येतो. पाइनची फळी प्रत्येक एक टक्क्याला जाडीत साधारण ०.२ टक्के आकसते. आठ थरांची थप्पी ३०४ मिलिमीटर. दहा टक्के ओलावा उतरला की सहा मिलिमीटर कमी. पावसाळ्यात घट्ट आवळलेला बोल्ट उन्हाळ्यात तेवढा मोकळा होणार. उलट एप्रिलमध्ये पिळून आवळला तर ऑगस्टमध्ये लाकूड फुगून वॉशर आत रुतणार आणि ते तंतू पुन्हा वर येत नाहीत. म्हणून वॉशर नेहमीचे गोल छोटे वापरू नयेत, रुंद चौकोनी पट्ट्या द्याव्यात. आवळणी वर्षात दोनदा : नोव्हेंबरमध्ये पाऊस संपून लाकूड थोडं वाळल्यावर, आणि मार्चअखेर. पोलादी पट्टीही उन्हात लांबते. सहा मीटरच्या तुकड्यात पहाटेच्या दहा अंशांपासून दुपारच्या साठपर्यंत साडेतीन मिलिमीटरहून जास्त. सांध्यात तेवढी फट ठेवावी आणि सांधा तिरका कापावा, म्हणजे चाक फटीत एकदम आदळत नाही.

म्हसवडला बसून सगळी टिपणं एकत्र केली तेव्हा जागेचा कौल वाई आणि सातारा यांच्यामधल्या मुरमाड उतारांकडे गेला. पाऊस महाबळेश्वरच्या तुलनेत कितीतरी कमी, ओलावा म्हसवडइतका टोकाला जात नाही, महामार्ग जवळ आणि कऱ्हाडच्या वखारी दोन तासांच्या आत. माणदेश लाकडासाठी अधिक चांगला, पण तिथवर रोज हजार माणसं येणार नाहीत आणि रिकामा फिरणारा कोस्टर नीट राखला जात नाही.

ट्रॅक बदलण्याच्या कामाचं वेळापत्रक इथे परदेशातलं चालणार नाही. तिकडे हिवाळ्यात पार्क बंद असतात. आपल्याकडे बंद ठेवण्यासारखा काळ पावसाळा, आणि त्यातच थप्पी उघडता येत नाही. मे महिना कोरडा असतो पण तेव्हा सुट्टीची गर्दी. उरतात परीक्षांचे फेब्रुवारी-मार्च. त्या दोन महिन्यांत दरवर्षी ट्रॅकचा सहावा-सातवा हिस्सा बदलायचा, सुरुवात दऱ्या आणि दऱ्यांनंतरच्या वळणांपासून. आधी प्रत्येक चौकटीवर दोन रुळांमधलं अंतर आणि उतारपातळी मोजून तुळईवर खडूने लिहायची. पट्ट्या काढायच्या, थर पायऱ्यापायऱ्यांनी कापायचे, म्हणजे दोन थरांचे सांधे एका जागी येत नाहीत. त्यांच्यात किमान दोन-तीन फूट अंतर राहिलं पाहिजे. तुळई उघडी पडली की तिला टोचा मारायचा. मऊ लागली तर तिच्यावर नवा ट्रॅक चढवू नये, आधी ती बदलावी. एकेक थर ठोकत वर यायचं, पातळीत उणीव असेल तर ती तुळई आणि पहिल्या थराच्या मध्ये बाभळीच्या पट्टीने भरायची, वरच्या थरांमध्ये कधीच नाही. शेवटचा थर रंध्याने मापात आणायचा, मग आरपार बोल्ट, मग पट्टी, आणि पट्टीचे सांधे घासून सपाट.

त्यानंतर गाडीच्या सगळ्यात रुंद आकाराची, बसलेल्या माणसाच्या पसरलेल्या हातांसकट मापाची चौकट डब्यावर बांधून ती सावकाश ओढत पूर्ण ट्रॅकभर न्यायची. कुठे टेकली तर तिथलं लाकूड किंवा कठडा मागे सरकवायचा. मग पाण्याने भरलेल्या पुतळ्यांनिशी फेऱ्या. माणसं बसवण्याआधी सगळे नवे बोल्ट पुन्हा आवळायचे, आठवड्याने एकदा, महिन्याने एकदा. नव्या लाकडाचे पहिले दोन उन्हाळे सगळ्यात जास्त आकसण्याचे असतात, त्यामुळे त्या हिश्शाचं टिपण वेगळ्या वहीत.